‘नवरा आहे ना, मग डौला कशाला?’ त्या मेसेजला माझं उत्तर

गरोदर बायकांमध्ये एक मेसेज सध्या फार फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: डौला, म्हणजे बाळंतपणात सतत जवळ राहून आधार द्यायला पैसे देऊन ठेवलेली बाई, ही चैन आहे; नवरा आणि आई असताना परकी बाई लागत नाही; ती डॉक्टरांच्या कामात लुडबुड करते; एपिड्युरल (कळांचं दुखणं थांबवणारं पाठीतलं इंजेक्शन) घ्यायचं असेल किंवा सिझेरियन ठरलं असेल तर तिचा उपयोग शून्य; आणि ठेवायचीच तर सर्टिफिकेट बघा, बस्स. तो वाचून माझ्या सात महिन्यांच्या गरोदर मैत्रिणीने डौलाशी ठरलेली भेट रद्द केली, म्हणून हे लिहितेय. माझ्या पहिल्या बाळंतपणात डौला नव्हती, दुसऱ्यात होती.

‘नवरा आहे ना.’ माझा नवरा दोन्ही वेळा होता आणि मला तो हवाच होता. पण पहिल्या वेळी कळा वाढल्या तसा तो घाबरला, सारखा बाहेर जाऊन सिस्टरना बोलावू लागला. आपलं माणूस कळवळताना बघणं अवघड, आणि त्याने त्याआधी बाळंतपण पाहिलं तरी कुठे होतं? दुसऱ्या वेळी प्रत्येक कळ कंबरेत यायची. डौलाने त्याचे दोन्ही तळवे माझ्या कुल्ह्यांवर नेमके ठेवले आणि म्हणाली, “कळ चढायला लागली की आत दाबायचं, उतरली की सोडायचं.” तीन तास तो तेच करत होता. दमला की ती दाबायची, तो पाणी पिऊन यायचा. त्या दिवशी तो एकदाही घाबरून बाहेर पळाला नाही.

‘चैन आहे.’ १९९१ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटातल्या बायकांजवळ डौला सतत होती. दुसऱ्या गटात एक बाई खोलीत नुसती बसून नोंदी घेत होती. तिने बोलायचं नाही, हात लावायचा नाही. तिसऱ्या गटाला नेहमीचीच सेवा मिळाली. सिझेरियनचं प्रमाण अनुक्रमे ८, १३ आणि १८ टक्के. नुसतं कुणीतरी खोलीत बसून होतं, त्या गटातही आकडा उतरला, हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. पुढे कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या २०१७च्या आढाव्यात १७ देशांतल्या १५,००० हून अधिक बायकांची माहिती एकत्र केली गेली. सतत सोबत असेल तर सिझेरियन साधारण पावपट कमी आणि कळांचा काळही थोडा कमी, असं त्यातून दिसलं. पुरावा फार भक्कम नाही, हे आढावा घेणाऱ्यांनीच नोंदवलंय, तेही सांगायला हवं. पण याला चैन म्हणता येत नाही.

‘लुडबुड करते.’ डौला म्हणजे सुईण नव्हे. ती आतून तपासत नाही, बाळाचे ठोके मोजत नाही, औषध देत नाही, तुमच्या वतीने निर्णय घेत नाही. “हे आत्ताच करायला हवं का, थोडं थांबता येईल का, एवढं डॉक्टरांना विचारायचंय का तुला?” असं ती मला विचारायची, डॉक्टरांशी बोलायचे मीच. मर्यादा ओलांडणाऱ्या डौलाही असतात, हे खरं. पहिल्या भेटीतच ‘डॉक्टरांचं ऐकू नका’ म्हणणारीला तिथूनच नमस्कार करा.

एपिड्युरलचं उत्तर छोटं आहे. दुखणं थांबलं तरी कूस बदलायला, पायांमध्ये उशी द्यायला आणि धीर द्यायला माणूस लागतंच. सिझेरियननंतर बाळाला छातीशी घेतानाही लागतं. ऑपरेशन थिएटरमध्ये तिला येऊ देतात का, ते मात्र आधी विचारा.

‘सर्टिफिकेट बघा, बस्स.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. बहुतेक ठिकाणी डौला म्हणून काम करायला सरकारी परवाना लागत नाही. सर्टिफिकेटवरून कोर्स केल्याचं कळतं, कळा चालू असताना ती कशी वागते ते कळत नाही. ते प्रश्न विचारूनच काढावं लागतं. माझ्या तारखेच्या आगेमागे तुमच्याकडे आणखी किती जणी आहेत? कळा सुरू झाल्यावर नेमक्या कधी येता? वीस तास लागले तर? मी मधेच एपिड्युरल मागितलं तर काय म्हणाल? शेवटच्या प्रश्नावर तिचा चेहरा बघा. तिला वाईट वाटणार असेल तर ती तुमच्यासाठी नाही. पैसे कधी द्यायचे, ती पोचलीच नाही तर किती परत मिळतील, हे कागदावर घ्या. आणि हॉस्पिटल नवऱ्याशिवाय दुसऱ्या माणसाला आत सोडतं का, हे तिला होकार देण्याआधी विचारा. मी उशिरा विचारलं आणि आठवडाभर जीव टांगणीला लागला.

‘तुम्ही आजारी पडलात तर कोण येईल?’ हेही विचाराच. माझ्या डौलाने तेव्हाच दुसरीला फोन लावून आमचं बोलणं करून दिलं. रात्री दोन वाजता माझं पाणी गेलं, तेव्हा दोघींचे नंबर फ्रिजवर चिकटवलेले होते. पहिलीने दुसऱ्या रिंगला उचलला.