नवी म्हणून दिलेली जुनी गाडी

पाडव्याला ताईने गाडी घेतली. हार, पेढे, चावी हातात घेऊन फोटो, सगळं साग्रसंगीत झालं. महिनाभराने आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) आली आणि भाच्याने त्यावरचा उत्पादनाचा महिना मोठ्याने वाचला. गाडी सव्वा वर्षापूर्वीची!

बुकिंगच्या वेळी मी शेजारीच बसलो होतो. ताईने स्पष्ट विचारलं होतं, "याच वर्षीची ना?" सेल्समनचं उत्तर आलं, "हो मॅडम, एकदम फ्रेश स्टॉक." आता तोच माणूस म्हणतो, "गाडी यार्डातच उभी होती, चालवलीय कुठे? रजिस्ट्रेशन तर या वर्षीचंच आहे ना."

मला चीड येते ती इथे. जुना स्टॉक विकू नका असं कोणी म्हणत नाही. सांगून विका, किंमत कमी करा, घेणारे घेतील. पण उद्या ताई ही गाडी विकायला काढेल तेव्हा समोरचा आधी मेकचं वर्ष विचारणार आणि तेवढे पैसे कापणार. ते नुकसान तिने का सोसायचं?

आणि "आम्हाला माहीत नव्हतं" हे तर बोलूच नका. नोंदणीसाठी शोरूमच फॉर्म २१, म्हणजे विक्रीचं प्रमाणपत्र, भरून देतं, त्यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहावंच लागतं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये जुना माल नवा म्हणून खपवणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. गाडी एक किलोमीटरही चाललेली नसली तरी खोटं ते खोटंच.

गोव्यातलं एक प्रकरण वाचलं. २०११ मध्ये नवी म्हणून घेतलेली गाडी २००९ ची निघाली, तीही ६२२ किलोमीटर चाललेली. राष्ट्रीय ग्राहक आयोगापर्यंत ग्राहक जिंकला. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडी बनवणाऱ्या टाटा मोटर्सला जबाबदारीतून मोकळं केलं. विक्रेत्याची लबाडी कंपनीला माहीत होती असा पुरावा नव्हता. पुराव्याशिवाय दोष लावता येत नाही, हे मला मान्य आहे. तरी मनाला पटत नाही. आपण शोरूममध्ये शिरतो ते दारावरचं कंपनीचं नाव बघून. कोणती गाडी कधी बनली आणि कोणत्या विक्रेत्याकडे गेली, हे कंपनीच्या दप्तरी असतंच. मग विक्री होताना ते ग्राहकाला थेट कळवण्याची सक्ती कंपनीवर का नसावी? कायद्यात ही दुरुस्ती व्हायलाच हवी.

ताईची चूक एकच झाली, "याच वर्षीची" हे बुकिंग फॉर्मवर लिहून घेतलं नाही. सुदैवाने सेल्समनचा "फ्रेश स्टॉक" वाला व्हॉट्सअॅप मेसेज तिने जपून ठेवलाय.

गाडी नऊ लाखांची, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाची फी फक्त २०० रुपये. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. शोरूमला नोटीस गेली आहे. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर ताई तक्रार दाखल करणार, आणि साक्षीला मी उभा राहणार.