जांभ्याला फुकटचं श्रेय

एप्रिल लागला की ती पोस्ट फिरतेच. लाल चिऱ्याचं, म्हणजे जांभा दगडाच्या ठोकळ्यांचं, कौलारू घर, बाजूला दोन माड आणि खाली मजकूर: ‘आपले पूर्वज हजारो वर्षं अशाच घरांत राहिले. जांभा घर थंड ठेवतो, एसी नको. गिलावा नको, देखभाल शून्य, पर्यावरणपूरक. महाराष्ट्रात कुठेही बांधा.’ यंदा आमच्या भावकीच्या ग्रुपवरही आली. मी जांभ्याच्याच घरात वाढलोय, तेव्हा दगडाशी वैर नाही.

आधी ‘हजारो वर्षं’. फोटोतली चपटी कौलं मंगलोरी आहेत. बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला १८६५ साली. त्याआधी हाताने घडवलेली अर्धगोल कौलं, म्हणजे नळे, नाहीतर गवत. भिंतीही सगळ्यांच्या चिऱ्याच्या कुठे होत्या? कुडाच्या, म्हणजे काटक्यांवर माती लिंपलेल्या, आणि मातीच्या भिंतींत राहणारे पुष्कळ होते. पोस्टमधले पूर्वज बहुधा खोताच्या घरातले असावेत.

‘जांभा थंड ठेवतो.’ जाड भिंत दिवसाची उष्णता पोटात घेते आणि रात्री सोडते. देशावर रात्री हवा उतरते, तिथे हे गणित जमतं. कोकणात मे महिन्यात रात्रीही घाम निथळतो. तिथे गारवा येतो वाऱ्याने आणि सावलीने: उंच आढं, कौलांच्या फटींतून निघून जाणारी गरम हवा, भिंतीवर ऊन पडूच न देणारी पडवी, मागे झाडांनी भरलेलं परसू. त्याच चिऱ्याच्या भिंतींवर स्लॅब ओता आणि दुपारी दोनला आत बसून दाखवा.

‘गिलावा नको’ हा मात्र घातक सल्ला. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, हवा लागून टणक होतो; पण पाणी प्यायचं सोडत नाही. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही आडवा झोडपणारा. जुन्या घरांची सगळी हुशारी भिंतीला पाऊस लागू न देण्यात होती. उंच जोतं, छपराची पाखं पुढे ओढलेली, पागोळ्या भिंतीपासून लांब पडणाऱ्या. तरी आगोटीला, पावसाळ्याच्या तोंडावर, पश्चिमेच्या पडवीला माडाच्या विणलेल्या झापांचा आडोसा बांधायचाच. गोव्यातल्या जुन्या घरांच्या जांभ्याला चुन्याचा गिलावा दिसतो, तो निव्वळ हौसेखातर नाही. आता ‘नॅचरल लुक’ म्हणून उघड्या चिऱ्याचे आणि वीतभर छपराचे बंगले होतात. असल्या एका बंगल्यात श्रावणात राहिलो होतो. पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावला तर तळवा ओला, आणि चार दिवसांत चपलांवर बुरशी.

देखभाल शून्य? दरवर्षी शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून नीट लावणं, वाशांना लागलेली वाळवी, सारवण. हे सगळं फुकटात करणारे हात घरात होते, त्यातले बरेच बायकांचे. आता शाकारायला माणूस मिळत नाही आणि वानर कौलं फोडतात. आमच्या अर्ध्या वाडीने पत्रे घातलेत.

‘कुठेही बांधा’ म्हणजे चिरा ट्रकने घाट चढवायचा. मराठवाड्यात पाऊस बेताचा, म्हणून तिथे पांढऱ्या मातीचं सपाट छप्पर, माळवद, आलं. आणि जुनं ते सुरक्षित असंही समजू नका. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली.

राहिलं ‘पर्यावरणपूरक’. चिरा निघतो सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरून. पावसाळ्यात रानफुलांनी भरणारा, पाठीवर कातळशिल्पं बाळगणारा तोच सडा खाण कापून नेते. ग्रुपवर पोस्ट टाकणाऱ्या आमच्या चुलतभावाने गेल्याच वर्षी सड्यावरचा आपला तुकडा चिरेखाणीला दिला.