उधार वेगळं, मदत वेगळी
गावातल्या एका दुकानदार बाईंवरचा लेख वाचला. उधारीवर माल देऊन आणि मदत करून त्यांनी आयुष्यभर गावाची नड भागवली, हे त्यात छान आलंय. एवढं देऊनही दुकान टिकलं कसं, ते मात्र राहिलं. उधारी खेळत्या भांडवलातून, म्हणजे रोजच्या खरेदी-विक्रीत फिरणाऱ्या पैशातून जाते. विक्रीवर 10 टक्के नफा असेल, तर बुडालेल्या एका नगाची खरेदी भरून काढायला तसेच 9 नग रोखीने विकावे लागतात. म्हणून नोंद गिऱ्हाइकासमोरच, तारखेसह करायची. जुनी बाकी थोडी तरी फिटल्याशिवाय नवा माल उधारीवर द्यायचा नाही. मदत म्हणून दिलेलं वेगळ्या पानावर, त्याच दिवशी खर्ची टाकायचं. (इथेच बहुतेक भली माणसं चुकतात.) दोन्ही एकत्र लिहिलं की वहीत येणं फुगलेलं, गल्ल्यात खडखडाट, आणि घाऊक व्यापारी माल अडवतो. थकलेल्या बाकीचा विषय चारचौघांत काढू नये. ओशाळलेलं गिऱ्हाईक रस्ताच बदलतं.