‘देव मानायला आपलं जातंय काय?’ जातं, बरंच जातं

रविवारी दुपारी मावशीचा फोन आला. आवाज बसलेला. म्हणाली, “तुला एक पाठवलंय. वाच आणि खरं सांग, यांना मोक्ष मिळाला नसेल का रे?”

‘यांना’ म्हणजे काकांना. त्यांना जाऊन येत्या आषाढात दोन वर्षं होतील. एसटीच्या वर्कशॉपात जन्म काढलेला माणूस. स्वतः देव मानला नाही आणि दुसऱ्याला मानू नको म्हणूनही कधी सांगितलं नाही. दर एकादशीला मावशीला लुनावर मागे बसवून विठ्ठलमंदिरात न्यायचे. ती आत हरिपाठाला, हे बाहेर दाराशी, खांबाला टेकून, तिच्या चपलांवर लक्ष ठेवत. सोबत घडी घातलेला पेपर. तीस वर्षं हाच शिरस्ता.

मेसेज वाचला. तुम्हालाही आला असेल, कारण त्याच्यावर खूपदा फॉरवर्ड झाल्याचे ते दोन बाण होते. रेल्वेच्या डब्यात एक नास्तिक प्राध्यापक आणि एक साधू समोरासमोर बसतात. (असले प्राध्यापक नेहमी रेल्वेतच का भेटतात, आणि दुसऱ्याच वाक्याला त्यांची बोलती बंद का होते, देव जाणे.) साधू म्हणतो, देव असेल तर मानणाऱ्याला मोक्ष मिळेल, नसेल तर मानणाऱ्याचं गेलं काय? तोटा शून्य! पुढे, हे पास्कल नावाच्या जगप्रसिद्ध गणितज्ञाने सिद्ध केलंय. मग अजामिळाची कथा, मग हरिपाठातली एक ओळ. आणि सगळ्यात खाली, देव न मानता जो मेला त्याला मुक्ती नाही, त्याच्यापायी सात पिढ्या अडकतात. उपाय म्हणून एका तीर्थक्षेत्री विधी, खर्च फक्त ११,००० रुपये, आणि मोबाइल नंबर.

शेवटचं आधी घेतो, कारण मावशी रडली ती त्यावर.

‘देव न मानणाऱ्याला मुक्ती नाही, हे आपलं शास्त्र सांगतं.’ कुठलं शास्त्र? मनुस्मृतीतली नास्तिकाची व्याख्या दुसऱ्या अध्यायात आहे, ‘नास्तिको वेदनिन्दकः’. वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. देव न मानणारा, असं तिथे म्हटलेलं नाही. सहा आस्तिक, म्हणजे वेद मानणाऱ्या, दर्शनांत गणलं जाणारं सांख्य घ्या. ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका ईश्वराला मधे न आणता कैवल्यापर्यंत, म्हणजे मोक्षापर्यंत, पोचते. यज्ञयागाचा सगळा खटाटोप ज्या पूर्वमीमांसा दर्शनाच्या आधारावर उभा, तिला जग निर्माण करणारा ईश्वर लागत नाही. अद्वैतात मोक्ष ज्ञानाने मिळतो, हजेरीपटावर सही केल्याने नाही. जैनांचे तीर्थंकर जगाचे कर्ते नाहीत, तरी मोक्ष हा तर त्यांच्या धर्माचा गाभाच. बुद्धाने निर्वाण सांगितलं, त्यात कर्त्या ईश्वराला जागा ठेवली नाही. म्हणजे या देशात मोक्षाची चर्चा ज्यांनी जन्मभर केली, त्यांतले निम्मेअधिक या मेसेजच्या हिशेबाने अडकून पडलेत, आणि सुटका करणार कोण, तर एक मोबाइल नंबर.

आणि ज्याचं कर्म त्याला, हा कर्मसिद्धांताचा पहिला धडा आहे ना? मग काकांनी हात जोडले नाहीत म्हणून त्यांची नात का अडकेल? ती सध्या चौथीत आहे आणि फक्त भागाकारात अडकलीय. नवरा गेलेल्या बाईला रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, घरात एकटी असताना ‘तुझा माणूस तिकडे भटकतोय’ असं कळवणाऱ्याला काय म्हणावं? मला शब्द येतो, पण हे मावशीही वाचणार आहे.

आता ‘तोटा शून्य’. मावशीचं पेन्शन चार आकडी आहे. विधीची रक्कम पाच आकडी. तिने डब्यातले पैसे मोजूनही ठेवले होते, वर मलाच विचारत होती, ऑनलाइन पाठवता येतील का. हा शून्य तोटा.

पास्कलचं नाव वाचून मात्र मला हसू आलं. बिचारा १६६२ साली, चाळिशीही न गाठता गेला. १६५४ मध्ये फर्मा या दुसऱ्या फ्रेंच गणितज्ञाशी पत्रव्यवहार करून जुगाराचा डाव अर्धवट थांबला तर पैसे कसे वाटायचे याचं गणित त्याने मांडलं, त्यातून संभाव्यताशास्त्र उभं राहिलं. (आयुष्याच्या शेवटच्या वर्षी त्याने पॅरिसमध्ये ठरावीक मार्गावर धावणाऱ्या भाड्याच्या घोडागाड्याही सुरू करवल्या. म्हणजे एका अर्थी एसटीवालाच. काकांचं त्याच्याशी जमलं असतं.) देवावर पैज लावा, हा त्याचा युक्तिवाद त्याच्या मृत्यूनंतर, १६७० साली छापलेल्या टिपणांत आहे. पण त्यात त्याने देव सिद्ध केलेला नाही. उलट तो म्हणतो, देव आहे की नाही हे बुद्धीने ठरवताच येत नाही, म्हणून पैज. मेसेजवाल्याने नेमकं उलटं करून ठेवलंय.

त्याहून मोठी गंमत पुढे आहे. पास्कल कट्टर कॅथलिक. त्याच्या पैजेत दोनच खाती, ख्रिस्ताचा देव किंवा कुणीच नाही. विठ्ठल, दत्त, अंबाबाई यांचं खातंच नाही त्यात. त्याचा हिशेब खरा धरला तर मावशी, मेसेज लिहिणारा आणि तो विधीवाला, तिघेही काकांच्याच रांगेत. बरं, खाती वाढवायची म्हटलं तर किती वाढवणार? हाच युक्तिवाद एखादा इमामही करू शकतो, असं दिदरो हा फ्रेंच विचारवंत अठराव्या शतकातच म्हणून गेला. प्रत्येक जण आपापल्या देवाच्या नावाने अनंत सुखाचं आमिष दाखवणार, तेव्हा गणित म्हणून त्यात उरतं काय?

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, नाइलाजाने का होईना. विश्वास ठरवून येत नाही, या आक्षेपाला पास्कलचं उत्तर होतं, आधी मानणाऱ्यांसारखं वागायला लागा, मन मागून येईल. यात तथ्य आहे. मावशी लग्न होऊन आली तेव्हा सासूच्या धाकाने हरिपाठ म्हणायची, हे तीच सांगते. आता कुणी नको म्हटलं तरी थांबणार नाही. गीतेतही सातव्या अध्यायात आर्त आणि अर्थार्थी, म्हणजे संकटात सापडलेला आणि काहीतरी हवं असलेला, हेही भक्तच धरलेत, आणि ‘उदाराः सर्व एवैते’ म्हणून त्यांना हिणवलेलं नाही. तेव्हा मोक्षाच्या लोभाने कुणी देवळात गेला तर जाऊ दे, माझी ना नाही. पण तो लोभ म्हणजेच शहाणपण, आणि जो लोभ धरत नाही तो मूर्ख, हे कुठून काढलं?

अजामिळ. मरताना मुलाला ‘नारायण’ म्हणून हाक मारली आणि थेट वैकुंठ, असं मेसेज म्हणतो. भागवताच्या सहाव्या स्कंधात कथा त्यापुढेही आहे. विष्णुदूत त्याला यमदूतांकडून सोडवून निघून जातात, तो तेव्हा मरत नाही. त्याला पश्चात्ताप होतो, घरदार सोडून गंगाद्वाराला, म्हणजे हरिद्वारला जातो, तिथे साधना करतो आणि मग देह ठेवतो. अर्धी कथा सांगितली की देव स्वस्त होतो.

राहिली हरिपाठाची ओळ. ‘देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी । तेणें मुक्ति चारी साधियेल्या ॥’ मेसेज म्हणतो, बघा, ज्ञानदेवही मुक्तीसाठीच देव करायला सांगतात. मी मावशीला फोन केला आणि म्हटलं, पुढची ओळ म्हण. ती म्हणाली, “आत्ता? भाजी फोडणीला टाकलीय.” म्हटलं, म्हण तर. तिने एका दमात म्हटलं, “हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा, पुण्याची गणना कोण करी.”

म्हटलं, मावशी, पहिल्या ओळीत चारी मुक्ती देऊन टाकल्या, सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता, सगळ्या. आणि दुसऱ्याच ओळीत ते विचारतात, हिशेब करतो कोण? आणि हा बाबा तुला ११,००० चा हिशेब देतोय. कीर्तन संपताना तुम्हीच म्हणता ना, ‘न लगे मुक्ति धनसंपदा’? तुकोबा मुक्ती नको म्हणतात, वर ‘गर्भवासीं सुखें घालावें आम्हासी’ असंही म्हणतात, पुन्हा जन्माला घाल, चालेल. पैज लावणारा माणूस असं बोलेल का?

पलीकडे कढईचा चर्र आवाज. मावशी काहीच बोलेना. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाली, “पण मी काय म्हणते, पहिली ओळ परत म्हण.”

म्हटली.

“द्वारी उभा क्षणभरी,” ती म्हणाली. “आत जा असं कुठं म्हटलंय? हे तर तीस वर्षं दाराशीच उभे असायचे की रे, माझ्या चपला धरून.”