वय वाढवा, नंबर काढा

सायकलच्या शर्यतीत बक्षीस हवंय? घाम गाळू नका. म्हातारे व्हा.

इंग्लंडात या कामासाठी व्हेटरन्स टाइम ट्रायल्स असोसिएशन नावाची भली संस्था आहे. चाळिशी भरली की तिच्या लेखी तुम्ही ज्येष्ठ. (आपल्याकडे त्या वयात माणूस ‘युवा नेता’ असतो, ते सोडा.) टाइम ट्रायलला दर मिनिटाला एकेकाला सोडतात. कुणाच्या पाठीमागे दडून वारा चुकवायचा नाही, झुंज फक्त घड्याळाशी. संस्थेच्या तक्त्यात प्रत्येक वयाला ठरलेली वेळ असते, तिच्याहून जितके लवकर याल तितके तुमचे ‘प्लस’. समजा, दहा मैलांना तुमच्या वयाची वेळ २९ मिनिटं आणि तुम्ही आलात २५ मध्ये: प्लस ४. पंचेचाळिशीतला गडी २२ मध्ये आला, पण त्याची ठरलेली वेळच २५. गेला बिचारा! महागाई भत्त्यासारखी तुमची सवलत वाढतच राहणार. शाळेत घालताना गुरुजींनी वय वाढवून १ जून ठोकली असेल, तर आज त्यांच्या पाया पडा.

जिथे पाच-पाच वर्षांचे गट असतात, तिथे एकोणपन्नासाव्या वर्षी गुडघा धरून घरी बसा. पन्नाशी लागली की उगवा, गटातलं सगळ्यात कोवळं पोर म्हणून.

आणि खर्चाला कचरू नका. तक्ता वय विचारतो, फंडाचे पैसे किती मिळाले ते विचारत नाही. मागे कार्बनचं भरीव चाक, डोक्यावर थेंबासारखं हेल्मेट, अंगाला चिकटलेला सूट. पूर्वी तिथले गडी शर्यतीची चाकं पुढच्या आसाला दोन बाजूंना बांधून घरून सायकल मारतच यायचे, तसला वेडेपणा नको. गाडीतून या. रस्ता मात्र ट्रकवाला निवडा. ट्रक शेजारून गेला की हवा ओढून नेते, आणि तक्त्यात ट्रकचा रकाना नाही.

इतकं करूनही कुणी पुढे गेलाच, तर धीर धरा. फ्रान्सच्या रोबेर मार्शाँनी ४ जानेवारी २०१७ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी, ट्रॅकवर तासाभरात २२.५४७ किलोमीटर कापले. गट त्यांच्यासाठीच नवा काढलेला, १०५ च्या पुढचा. गटात तेच पहिले, तेच शेवटचे. उतरल्यावर म्हातारबुवा कुरकुरले काय, तर शेवटची दहा मिनिटं उरल्याची पाटी दिसलीच नाही, नाहीतर आणखी जोरात मारली असती.