‘मुलं दत्तक देणे आहे, फोन करा’: हा मेसेज पुढे पाठवू नका

“दोन लहान मुली, आई-वडील गेले. दत्तक हव्या असतील तर खालील नंबरवर फोन करा. आश्रमात जाण्यापेक्षा चांगल्या घरात जाऊ द्या.” २०२१च्या कोरोना लाटेत असे मेसेज महाराष्ट्रभर फिरले. या आठवड्यात तसाच एक आमच्या ग्रुपवर आला, फक्त कोरोनाऐवजी अपघात. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, म्हणूनच सविस्तर लिहिते.

‘फोन करा, मूल घ्या.’ असं होत नाही. अनाथ मूल बाल कल्याण समितीपुढे (मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती) जातं, आणि इच्छुक पालकांची नोंदणी ‘कारा’ या दत्तकविषयक केंद्रीय सरकारी संस्थेच्या पोर्टलवर होते. सप्टेंबर २०२२पासून अंतिम आदेश जिल्हाधिकारी देतात. हे टाळून परस्पर मूल दिलं-घेतलं तर बाल न्याय कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. मुलाची विक्री असेल तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. त्या नंबरवर फोन करणारा माणूस कोण, हे कुणीच तपासलेलं नसतं. जून २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा बेकायदा दत्तकांवर कारवाईचे आदेश दिले, ते याच भीतीने.

‘आई-वडील गेले, म्हणजे मुलाला कुणी नाही.’ सगळ्यात मोठी चूक ही. बहुतेक वेळा आजी असते, मामा असतो, आत्या असते. मागच्या वर्षी एका गृहभेटीत आजींनी पत्र्याच्या ट्रंकेतून प्लास्टिकची पिशवी काढली. मुलाचा आणि सुनेचा मृत्यूचा दाखला, घडीवर फाटलेलं रेशनकार्ड, नातवाचं शाळेचं बोनाफाईड. उत्पन्नाचा दाखला तेवढा नव्हता. त्यासाठी तीन खेपा झाल्या होत्या. गावातले म्हणत होते, वय झालं, पोरगं कुणाला तरी देऊन टाका. त्यांनी मला हळूच विचारलं, “माझ्याकडून घेऊन जातील का हो?” नातू दाराआडून ऐकत होता.

टाकून दिलेल्या मुलाच्या बाबतीतही कायदा आधी आई-वडिलांचा शोध घ्यायला लावतो. त्यानंतरच ते मूल दत्तकासाठी मोकळं जाहीर होतं: दोन वर्षांपर्यंतचं असेल तर दोन महिन्यांत, मोठं असेल तर चार महिन्यांत.

‘नाहीतर आश्रमच.’ संस्था हा शेवटचा पर्याय. महाराष्ट्रात बाल संगोपन योजना आहे. मूल नातेवाइकांकडेच राहतं आणि २०२३पासून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे करायचा. गृहचौकशी होते, बाल कल्याण समिती आदेश काढते. एक पालक गेलेल्या मुलांनाही ती लागू आहे, हे अजून कितीतरी घरांना माहीत नाही.

मेसेजसोबत मुलींचे फोटो आणि नावंही होती. अशा मुलांची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे.

खरंच कुणी नसलेलं मूल आढळलं तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. चोवीस तासांत कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आणि शेजारी अशी एखादी आजी असेल तर तिच्यासोबत एकदा तहसील कार्यालयात जा. आमच्या त्या आजींना चौथ्या खेपेला दाखला मिळाला, कारण त्या वेळी शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी सोबत होती.