टेक्सास पवनचक्क्यांमुळे अंधारात गेलं? छे!

अमेरिकेत कुठे बर्फाचं वादळ आलं की एक फॉरवर्ड हमखास डोकं वर काढतो. मजकूर थोडक्यात असा: 'फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासच्या पवनचक्क्या गोठल्या आणि राज्य अंधारात गेलं. पवनचक्की आणि थंडी यांचं जमतच नाही. तशी थंडी तिथे आधी कधी पडलीच नव्हती, मग तयारी कोण करणार? हरित ऊर्जेच्या नादी लागलं की असंच व्हायचं.' सोबत फोटो: गोठलेल्या पवनचक्कीवर हेलिकॉप्टरमधून फवारणी.

फोटोचं आधी उरकू. तो टेक्सासचा नाहीच. स्वीडनचा आहे आणि 2021 च्या कितीतरी आधीचा.

आता पवनचक्क्या. त्या गोठल्या, हे खरंच. पण 16 फेब्रुवारीला टेक्सासचं ग्रिड, म्हणजे राज्यभराचं वीजजाळं, चालवणाऱ्या 'एरकॉट'नेच सांगितलं की बंद पडलेल्या क्षमतेपैकी सुमारे 30,000 मेगावॉट गॅस, कोळसा आणि अणुऊर्जेची होती. वारा आणि सूर्य मिळून 16,000. नंतर केंद्रीय चौकशी झाली. वीज तयार करणारे लहानमोठे 1,045 संच अडखळले होते, त्यातले निम्म्याहून जास्त गॅसवरचे. पवनचक्क्यांचा वाटा साधारण पाव. तरी टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट 16 फेब्रुवारीलाच टीव्हीवर वारा आणि सूर्याकडे बोट दाखवून मोकळे झाले. फॉरवर्डला खतपाणी तिथूनच मिळालं. पुढे बाकीचीही केंद्रं बंद पडल्याचं त्यांनी मान्य केलं, पण ते कोण फॉरवर्ड करतो!

गॅस का आटला, ते जरा नीट बघण्यासारखं आहे. विहिरीतून गॅस येतो तो कोरडा नसतो, सोबत पाणी असतं. विहिरीच्या तोंडाशी, व्हॉल्व्हमध्ये ते गोठलं की प्रवाह बंद. पुढे पाइपलाइनमध्ये दाब टिकवायला कॉम्प्रेसर लागतात, त्यातले बरेच विजेवर चालणारे. 'आमची वीज तोडू नका' अशी नोंद अनेक गॅसवाल्यांनी केलीच नव्हती. लोडशेडिंग सुरू झालं तेव्हा त्यांचीही वीज गेली. मग गॅस आणखी घटला, आणखी संच बसले. अणुवीजही सुटली नाही: साउथ टेक्सास या अणुवीज प्रकल्पाचा एक संच आपोआप बंद पडला, तो पाण्याचा दाब मोजणारी एक बारीक नळी गोठल्यामुळे. अणुभट्टी धडधाकट, नळी उघड्यावर!

थंडीत पवनचक्क्या चालत नाहीत म्हणावं, तर उत्तरेकडच्या आयोवा राज्यात टेक्सासच्या डालास शहरापेक्षा कितीतरी कडक हिवाळा असतो आणि निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यावर तयार होते. थंड प्रदेशासाठीच्या पवनचक्क्यांना गरम ठेवण्याची सोय असते. टेक्सासमध्ये बहुतेकांनी तो खर्च टाळला, गॅसवाल्यांनी टाळला तसाच.

'आधी कधी नाही' हा दावा तर अगदीच पोकळ. 16 फेब्रुवारी 2021 ला डालासला पारा उणे 19 अंश सेल्सियसला गेला. तिथेच 12 फेब्रुवारी 1899 ला तो उणे 22 होता, आणि त्याच दिवशी टेक्सासच्याच टुलिया गावात उणे 31. 2021 ची थंडी जास्त दिवस मुक्काम ठोकून होती आणि राज्यभर होती, एवढं मान्य. पण डिसेंबर 1989 मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी 2011 मध्येही थंडीने संच बंद पाडून लोडशेडिंग करायला लावलं होतं. 2011 नंतर केंद्रीय यंत्रणांनी लेखी सांगितलं होतं, यंत्रांना थंडीपासून वाचवा. सक्ती नव्हती, त्यामुळे दहा वर्षं ते कागद पडून राहिले.

फॉरवर्डमध्ये नसलेली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याकडे 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाला जोडलं. टेक्सासने मात्र केंद्राचे नियम नकोत म्हणून आपलं ग्रिड मुद्दाम वेगळं ठेवलंय. शेजाऱ्यांकडून येऊ शकत होते जेमतेम 1,200 मेगावॉट, आणि लोडशेडिंग होतं 20,000 पर्यंत. शेजारीही अडचणीत होते, त्यामुळे जोडणी असती तर सगळं निभावलं असतं असं नाही. पण ग्रिड किती काठावर होतं ते बघा: मागणीपेक्षा वीज कमी पडली की ग्रिडची फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेच्या लहरींचा वेग, घसरते. 15 तारखेच्या पहाटे ती नेहमीच्या 60 हर्ट्झवरून 59.4 च्या खाली गेली आणि 4 मिनिटं 23 सेकंद तिथेच राहिली. 9 मिनिटं झाली असती तर संच आपोआप ग्रिडपासून सुटत जाऊन सगळं ग्रिड कोसळलं असतं, आणि ते परत उभं करायला कदाचित आठवडे लागले असते. तेवढं टळलं. तरी सरकारी आकड्यानुसार 246 माणसं गेली, बहुतेक गारठून.

2021 मध्येच टेक्सासने कायदा करून थंडीची तयारी सक्तीची केली. डिसेंबर 2022 मध्ये पुन्हा कडाका पडला, तुलनेने कमी दिवसांचा. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनात लोडशेडिंग करावं लागलं, तिथे पवनचक्क्या नावापुरत्या. टेक्सासमध्ये त्या 2021 पेक्षा जास्त होत्या, आणि एरकॉटला लोडशेडिंग करावं लागलं नाही.